काहीच बदललं नाही, तरी क्लाउडचं बिल का वाढलं?

माझा एक मित्र पुण्यात छोटासा सॉफ्टवेअरचा धंदा करतो. मंगल कार्यालयं आणि हॉल यांच्या बुकिंगचं अ‍ॅप आहे त्याचं. मध्यंतरी एका सकाळी त्याने क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या, बिलाचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "आम्ही काहीच केलं नाही रे." खरंच केलं नव्हतं. ग्राहक तेवढेच, सर्व्हर तेवढेच. पण 'क्लस्टर' (म्हणजे काय, ते पुढे सांगतो) असं लिहिलेल्या ओळीवरची रक्कम आधीच्या महिन्याच्या सहापट झाली होती. मी उत्तर पाठवलं, "काहीच केलं नाहीस, म्हणूनच वाढलंय."

त्याला तो टोमणा वाटला. टोमणा नव्हता, निदान होतं. त्याच्या क्लस्टरच्या व्हर्जनची मुदत संपली होती आणि मुदतीनंतरचा जादा दर आपोआप लागू झाला होता. मुदतीच्या आधी मेल येतात, डॅशबोर्डवर पिवळी पट्टी दिसते. पण त्या मेल ज्या पत्त्यावर जात होत्या, तो मुलगा नोकरी सोडून गेला होता.

हे नुसतं माझ्या मित्राचं दुखणं नाही. आज कित्येक छोट्या कंपन्या, शाळांची अ‍ॅप चालवणारे आणि दुकानांना बिलिंगचं सॉफ्टवेअर देणारे याच गाडीत बसलेले आहेत. त्यातल्या मालकांना 'मॅनेज्ड' या शब्दाचा अर्थ 'आता आपल्याला बघायला नको' असा सांगितलेला असतो. घोळाची सुरुवात तिथून होते.

क्लस्टर म्हणजे एसटीचा आगार

प्रोग्रॅम चालवायला त्याच्यासोबत बरंच सामान लागतं: अमुक भाषा, तमुक लायब्ररी, ठरावीक सेटिंग. हे सगळं एकाच डब्यात भरून दिलं, की तो डबा कुठल्याही मशीनवर उघडला तरी आतली चव तीच राहते. या डब्याला कंटेनर म्हणतात.

डबे दहा-बारा असतील तर हाताने सांभाळता येतात. शेकड्यांनी झाले की कोणता कुठे ठेवायचा, बंद पडला तर परत कोण चालू करणार, हे बघायला यंत्रणा लागते. तिचं सर्वांत प्रचलित नाव कुबर्नेटिस. शब्द ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोकणपट्टीत ज्याला तांडेल म्हणतात, तोच. गूगलने २०१४ मध्ये ही यंत्रणा सगळ्यांसाठी खुली केली आणि जुलै २०१५ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती, म्हणजे १.०, बाहेर पडली.

आता एसटीचा आगार डोळ्यांसमोर आणा. स्टँडवरच्या केबिनमध्ये वाहतूक नियंत्रक बसलेला असतो. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागेल, कोण बंद पडली, कोण कुठे जाईल, हे तो ठरवतो. हा झाला कंट्रोल प्लेन. बाहेर उभ्या गाड्या म्हणजे नोड, अर्थात प्रत्यक्ष काम करणारी मशिन्स. आणि एकाच तिकिटावर, शेजारी-शेजारी बसून प्रवास करणारं कुटुंब म्हणजे पॉड. त्यात एक कंटेनर असेल किंवा दोन-तीन, पण ते कायम एकाच गाडीत बसतात. केबिन आणि गाड्या मिळून क्लस्टर.

या लेखासाठी एवढे शब्द पुरे आहेत.

आकडे कसे वाचायचे

व्हर्जनचा आकडा १.३०.४ असा दिसतो. पहिला १ आजवर बदललेला नाही. शेवटचा आकडा किरकोळ दुरुस्त्यांचा, तो वाढला तरी सहसा काही बिघडत नाही. आपल्या कामाचा आहे मधला. तो वाढला की नव्या सोयी येतात आणि काही जुन्या गोष्टी कायमच्या जातात. पुढे 'व्हर्जन' म्हणेन तेव्हा हा मधला आकडा समजा.

पूर्वी वर्षाला चार व्हर्जन यायची, २०२१ पासून तीन येतात. साधारण दर चार महिन्यांनी एक. प्रत्येकाला दुरुस्त्या मिळायच्या फक्त नऊ महिने. लोक म्हणू लागले की मोठ्या कंपनीत बदलाची परवानगी मिळेपर्यंतच सहा महिने जातात, मग आम्ही करायचं कधी? म्हणून ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या १.१९ पासून ही मुदत चौदा महिन्यांवर नेली: एक वर्ष नियमित दुरुस्त्या आणि वर दोन महिने फक्त अत्यंत गरजेच्या. हिशेब असा, की जो वर्षातून एकदाच बदल करतो त्यालाही बाहेर पडायला थोडी सवड मिळावी.

"लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला तर दहा-दहा वर्षं सपोर्ट मिळतो, मग इथे चौदाच महिने का?" असं कोणीही विचारेल, आणि ते रास्त आहे. रेड हॅटच्या एंटरप्राइज लिनक्सला दहा वर्षं मिळतात हे खरं, पण त्यासाठी एक कंपनी पगारी माणसं बसवते. नव्या व्हर्जनमधली दुरुस्ती जुन्यात बसवणं हे शिवणकामासारखं आहे. जुन्या शर्टाला नवी बाही जोडायची, तर माप नव्याने घ्यावं लागतं. दर दुरुस्तीला, दर जुन्या व्हर्जनसाठी. कुबर्नेटिसची मूळ टीम अनेक कंपन्यांतल्या आणि स्वतंत्र लोकांची मिळून बनलेली आहे. ती एका वेळी तीनेक व्हर्जन सांभाळते आणि त्यापलीकडे हात वर करते. मला यात त्यांची चूक दिसत नाही.

मग क्लाउडवाले काय सांभाळतात?

मॅनेज्ड क्लस्टर घेतला म्हणजे केबिन भाड्याने घेतली. नियंत्रक त्यांचा, त्याची खुर्ची त्यांची, केबिनची वीज गेली तर धावपळ त्यांची. गाड्या मात्र बऱ्याचदा तुमच्या जबाबदारीच्या. प्रवासी तर पूर्णपणे तुमचे. प्रवाशाने खिडकीतून हात बाहेर काढला, तर आगारप्रमुख काय करणार?

व्हर्जनच्या मुदतीबाबत तिन्ही मोठ्या कंपन्यांचं गणित थोडं वेगळं आहे. अ‍ॅमेझॉनच्या ईकेएस या मॅनेज्ड सेवेत व्हर्जन उपलब्ध झाल्यापासून चौदा महिने नेहमीच्या दरात आणि त्यानंतर बारा महिने जादा दराने. गूगलच्या जीकेईमध्ये क्लस्टर एखाद्या 'चॅनेल'ला जोडायचा. घाई असणाऱ्यांसाठी एक, मधल्यांसाठी एक, सावध लोकांसाठी एक, आणि ज्यांना हलायचंच नाही त्यांच्यासाठी चोवीस महिन्यांपर्यंत ताणणारं एक. तिथे नोडसुद्धा आपोआप बदलले जातात. मायक्रोसॉफ्टचं एकेएस साधारण वर्षभर साथ देतं, आणि महागडा प्रीमियम दर भरला तर दोन वर्षं.

इथे एक बारकावा आहे आणि चांगले अनुभवी लोकही त्यात फसतात. मुदत मोजली जाते ती व्हर्जन बाजारात आल्यापासून, तुम्ही क्लस्टर उभा केल्यापासून नाही. औषधाच्या पाकिटासारखं. दुकानातून आज आणलं म्हणून एक्सपायरी आजपासून सुरू होत नाही, ती पाकिटावर आधीच छापलेली असते. उदाहरण घ्या. ईकेएसवर १.३० आलं २३ मे २०२४ ला. नेहमीचा सपोर्ट संपला २३ जुलै २०२५ ला. जादा दराची मुदत २३ जुलै २०२६ पर्यंत. आता एखाद्याने 'नको बाबा एकदम नवीन, जरा मुरलेलं घेऊ' म्हणून मार्च २०२५ मध्ये १.३० वर क्लस्टर उभा केला असेल, तर त्याच्या हातात उरले जेमतेम चार महिने. मुरलेलं लोणचं चांगलं, मुरलेलं व्हर्जन नाही.

"चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता त्याचा राग येत नाही. ते पूर्ण चुकीचंही नाही. चालत्या गाडीचं बॉनेट उगाच उघडू नये, हे खरंच आहे.

पण डिसेंबर २०१८ मधली एक गोष्ट बघा. कुबर्नेटिसच्या केबिनमध्येच मोठं भगदाड सापडलं. बाहेरचा माणूस नियंत्रकाच्या ओळखपत्रावर आत जाऊन गाड्यांना हुकूम सोडू शकेल, असं. धोक्याची नोंद दहापैकी ९.८. दुरुस्ती लगेच आली, पण ती १.१०, १.११, १.१२ या व्हर्जनसाठी. १.९ आणि त्याआधीच्या सगळ्यांत तेच भगदाड होतं आणि त्यांच्यासाठी दुरुस्ती आली नाही. १.९ तेव्हा केवढं जुनं होतं? एक वर्षाचं.

मुदत संपली म्हणून क्लस्टर बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं तसंच चालू असतं आणि म्हणूनच माणूस निर्धास्त राहतो. फरक इतकाच, की पुढचं भगदाड सापडेल तेव्हा गवंडी तुमच्याकडे येणार नाही.

"बरं, मग एकदम शेवटच्या व्हर्जनवर उडी मारू"

नाही मारता येत. केबिनला एका वेळी एकच पायरी चढायची परवानगी आहे: १.२७ वरून १.२८, मग १.२९. चार व्हर्जन मागे राहिलात तर चार वेळा तोच सोहळा. आणि मागे फिरणं बहुतेक ठिकाणी शक्य नसतं, निदान तसं धरूनच चालायचं.

गाड्यांना थोडी सूट आहे. नोडवरचं व्हर्जन केबिनपेक्षा मागे असलं तरी चालतं. पूर्वी दोन व्हर्जन मागे असलेलं चालायचं, १.२८ पासून तीन मागे असलेलंही चालतं. पण गाडी कधीही केबिनच्या पुढे नसावी. जुन्या ड्रायव्हरला नवा साहेब सांभाळून घेतो, नव्या ड्रायव्हरची भाषा जुन्या साहेबाला कळत नाही. त्यामुळे क्रम ठरलेला: आधी केबिन, मग गाड्या.

गाड्या बदलताना काय होतं, ते एसटीने फिरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. घाटाखाली गाडी थांबते, कंडक्टर म्हणतो, "मागच्या गाडीत बसा." आधी त्या गाडीत नवे प्रवासी घेणं बंद होतं, मग आतले उतरवून दुसऱ्या गाड्यांत बसवतात, मग रिकामी गाडी वर्कशॉपला जाते. नोडचंही असंच, फक्त एक फरक. इथे पॉड उचलून नेत नाहीत. इथला बंद करून तिथे तसाच नवा उभा करतात. म्हणून ज्या प्रोग्रॅमने अर्धवट काम डोक्यात धरून ठेवलंय, त्याचं ते काम जातं.

खिडकीवर जुना फॉर्म चालत नाही

व्हर्जन बदलताना खरा त्रास कुठे होतो? मशिन्समध्ये क्वचित होतो. त्रास होतो तो कागदपत्रांत.

क्लस्टरला आपण जे सांगतो ते ठरावीक नमुन्याच्या फॉर्मवर. 'माझ्या या अ‍ॅपच्या तीन प्रती चालव', 'या पत्त्यावर आलेली माणसं तिकडे पाठव'. प्रत्येक फॉर्मवर नमुना क्रमांक असतो. नवा नमुना आला, की जुना काही काळ चालतो, मग एक दिवस खिडकीवरचा माणूस तो परत करतो. पत्ता दाखवणाऱ्या फॉर्मचे, म्हणजे इनग्रेसचे, जुने बीटा, म्हणजे अजून पक्के न झालेले, नमुने १.२२ मध्ये, ऑगस्ट २०२१ ला, असेच बंद झाले. पुढच्या ऑगस्टमध्ये १.२५ ने ठरावीक वेळी चालणाऱ्या कामांचा जुना फॉर्म काढून टाकला.

गंमत अशी, की जे आधीच चालू होतं ते चालूच राहतं. क्लस्टर जुन्या नोंदी आतल्या आत नव्या नमुन्यात दाखवतो. रविवारी अपग्रेड होतो, सोमवारी सगळे खूश, मिठाई वाटली जाते. तीन आठवड्यांनी कोणीतरी बटणाचा रंग बदलून नवी आवृत्ती टाकायला जातो आणि खिडकीवरून फॉर्म परत येतो. मग तो बिचारा दिवसभर बटणाच्या रंगात चूक शोधत बसतो. म्हणून जुने फॉर्म आधीच हुडकून देणारी साधनं असतात. प्लूटो नावाचं एक फुकट मिळतं, क्लाउड कंपन्यांच्या डॅशबोर्डवरही इशारे येतात. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते आधी करायचं असतं.

नुसत्या नावाच्या बदलाने काय होतं, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण रेडिट या गप्पा-चर्चेच्या साइटचं. १४ मार्च २०२३ ला त्यांनी स्वतः सांभाळलेल्या एका मोठ्या क्लस्टरला १.२३ वरून १.२४ वर नेलं आणि साइट ३१४ मिनिटं बंद पडली. तारीख ३/१४, म्हणजे गणितातल्या 'पाय'चा (३.१४) दिवस. योगायोग त्यांच्याही लक्षात आला. कारण काय निघालं? मुख्य नोडवर, म्हणजे केबिन चालवणाऱ्या मशीनवर, 'मास्टर' अशी चिठ्ठी लावलेली असायची. ती बदलून 'कंट्रोल प्लेन' होणार, हे बरंच आधी जाहीर झालेलं. १.२४ ने जुनी चिठ्ठी काढून टाकली. आणि रेडिटच्या नेटवर्कची वाट दाखवणारं एक बऱ्याच वर्षांपूर्वीचं सेटिंग नेमकी तीच चिठ्ठी शोधत होतं. त्यांनी हे सगळं स्वतःहून, तपशिलात जाहीर केलं, याबद्दल मला त्यांचं कौतुकच वाटतं.

पाच-पाच सेकंदांची रात्र

आता माझी स्वतःची फजिती. आमच्या टीमने एका क्लस्टरच्या गाड्या बदलायला रात्रीची वेळ निवडली होती. मुंबईचा रविवारचा मेगाब्लॉक असतो तसंच: गर्दी नसेल तेव्हा, आधी सांगून. अकराला सुरू केलं. तीन नोड झाले, चौथ्याशी अडकलं. पडद्यावर दर पाच सेकंदांनी तीच ओळ उमटत होती: हा पॉड काढता येत नाही, काढला तर ठरवून दिलेली मर्यादा मोडेल, पाच सेकंदांनी परत बघतो.

कुबर्नेटिसमध्ये एक चांगली सोय आहे. 'या अ‍ॅपच्या किमान इतक्या प्रती कायम चालू हव्यात' असं लिहून ठेवता येतं. तीन प्रती चालवायच्या आणि किमान दोन हव्यात असं लिहायचं, म्हणजे एका वेळी एकच हलवली जाते. कोणीतरी हा सल्ला ऐकून एका छोट्या सर्व्हिसलाही तो नियम लावला होता: किमान एक प्रत चालू हवी. पण त्या सर्व्हिसची प्रतच मुळी एक होती. ती हलवायची तर क्षणभर शून्य होणार, आणि शून्य झालेलं नियमाला चालणार नाही. म्हणजे गाडीत एकच प्रवासी आणि गाडीवर पाटी, 'ही गाडी कधीही रिकामी होता कामा नये'.

आम्ही दोघं जवळपास चाळीस मिनिटं नेटवर्क तपासत बसलो. मग सोबतच्या मुलीने शांतपणे विचारलं, "याच्या दोन प्रती केल्या तर?" केल्या. पुढच्याच पाच सेकंदांत नोड मोकळा. तेव्हापासून मेगाब्लॉकच्या आधी दोन दिवस मी फक्त हे नियम वाचतो. बाकी लोक नवीन व्हर्जनमध्ये काय आलंय ते वाचतात. मला त्यात आधीइतका रस राहिलेला नाही.

क्लस्टर नवा, आतलं सामान जुनं

केबिनची मुदत सांभाळली म्हणजे झालं, असंही नाही. स्टँडवर चौकशी खिडकी असते, कॅन्टीन असतं, त्यांचे ठेके वेगळे. क्लस्टरमध्येही असं बरंच जोडसामान असतं आणि त्याची मुदत कुबर्नेटिसच्या मुदतीशी बांधलेली नसते.

इनग्रेस एनजिनएक्स हे त्यातलं बहुतेकांनी लावलेलं सामान. बाहेरून येणाऱ्या माणसाला योग्य अ‍ॅपकडे पाठवणारी चौकशी खिडकी. मार्च २०२५ मध्ये त्यात ९.८ धोक्याचं भगदाड सापडलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कुबर्नेटिसच्या मंडळींनी जाहीर केलं की हा प्रकल्प आम्ही थांबवतोय, मार्च २०२६ नंतर दुरुस्त्या नाहीत. सांभाळायला पुरेशी माणसंच नव्हती. हजारो कंपन्यांच्या दारातली खिडकी मोकळ्या वेळात काम करणारी एक-दोन माणसं चालवत होती, हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो.

नोडच्या आतलं लिनक्सही वेगळं मुरतं. ईकेएसवर १.३३ पासून जुन्या अ‍ॅमेझॉन लिनक्स २ च्या तयार इमेज, म्हणजे नोडवर थेट बसवायचे साचे, मिळत नाहीत. म्हणजे केबिन एक पायरी चढवायला गेलात, तर गाड्यांची इंजिनंच बदलायची वेळ येते. हे पायरी चढण्याच्या आदल्या दिवशी कळलं, तर त्या आठवड्याची सुट्टी विसरा.

"जादा पैसे भरून वेळ विकत घेतला तर?"

घेता येतो, आणि कधीकधी घ्यावाच. दिवाळीच्या तोंडावर विक्रीचं अ‍ॅप हलवण्यापेक्षा दोन महिने जादा दर भरलेला परवडतो. प्रश्न असा, की आपण तो विकत घेतोय हे आपल्याला माहीत आहे का?

ईकेएसचे दर बघा. नेहमीच्या सपोर्टमध्ये एका क्लस्टरचे तासाला ०.१० डॉलर, जादा मुदतीत ०.६० डॉलर. महिन्याचे ७३० तास धरले तर ७३ डॉलरचे ४३८ होतात. माझ्या मित्राकडे तीन क्लस्टर. हिशेबाला सोपं म्हणून डॉलरचे ८५ रुपये धरू: साडेअठरा हजारांच्या जागी एक लाख अकरा हजारांच्या वर, दर महिन्याला. आणि हे फक्त केबिनचं भाडं, गाड्यांचं वेगळं.

पंधरा वर्षं झालेल्या कारची नोंदणी पुढे चालू ठेवायची, तर १ एप्रिल २०२२ पासून ६०० ऐवजी ५,००० रुपये भरावे लागू लागले. लोकांनी सरकारच्या नावाने बोटं मोडली, पण हेतू उघड होता: जुनं वापरायला मनाई नाही, पण ते स्वस्तात पडू नये. क्लाउडवाल्यांचाही हेतू तोच. फरक असा, की आरटीओत तुम्हाला स्वतः जाऊन पैसे भरावे लागतात. इथे ते आपोआप कापले जातात, कारण ईकेएसवर क्लस्टर उभा करताना जादा मुदतीचा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो बदलून 'नेहमीचाच सपोर्ट' असा ठेवता येतो. मग मुदत संपल्यावर ते जादा पैसे घेत नाहीत, केबिन स्वतःच पुढच्या व्हर्जनवर नेतात.

माझं मत विचाराल तर चाचणीच्या क्लस्टरवर बेलाशक 'नेहमीचाच' ठेवा. आपोआप अपग्रेड होऊन काही मोडलं, तर ते तिथे मोडलेलं बरं. खऱ्या ग्राहकांच्या क्लस्टरवर मात्र मी जादा मुदतीचा पर्याय ठेवतो, आणि तो कधीही वापरायचा नाही असं ठरवून ठेवतो. एखाद्या रात्री कंपनीने आपल्या सोयीने अपग्रेड करण्यापेक्षा महिनाभर दंड भरलेला बरा. सव्वीस महिने उलटल्यावर मात्र तेही विचारत नाहीत, जिथे असाल तिथून उचलून पुढे नेतात.

"एवढं सगळं आम्हाला हवंय तरी का?"

हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो, खरं तर सर्वांत आधी विचारायला हवा. गावात दिवसातून दोन फेऱ्या होतात, त्यासाठी आगार बांधत नाहीत. दोन-तीन अ‍ॅप, एक डेटाबेस आणि दिवसाला काही हजार लोक एवढाच कारभार असेल, तर एक बरासा सर्व्हर पुरतो. नाहीतर क्लाउडवरच्या अशा सोयी घ्याव्यात, जिथे नुसता कंटेनर द्यायचा आणि क्लस्टर दिसतच नाही. तिथे व्हर्जनची ही कटकट त्यांची त्यांना. कुबर्नेटिस शिकलेल्या मुलांना नोकरी लवकर मिळते, म्हणून ते आपल्या कंपनीत बसवणं, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय.

मित्राला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, सूचनांच्या मेल एका माणसाच्या नावावर ठेवू नकोस, सगळ्यांच्या सामायिक पत्त्यावर घे. दोन, क्लस्टर उभा केला त्याच दिवशी त्याची मुदत ऑफिसच्या कॅलेंडरवर टाक आणि तीन महिने आधीची आठवण लाव. मग आम्ही त्याचे तिन्ही क्लस्टर एकेक करून बघायला बसलो. पहिल्यावर ग्राहकांचं अ‍ॅप होतं. दुसऱ्यावर चाचणी चालायची. तिसरा उघडला तेव्हा त्याने खुर्ची मागे सरकवून टीमला हाक मारली, "यावर काय चालतं रे?" चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी एकजण म्हणाला, "मागच्या वर्षी एका क्लायंटला डेमो द्यायचा होता ना, त्यासाठी केलेला."

तो क्लायंट आलाच नव्हता.